कौलावरचा दात

१२ मार्च १९९६, मंगळवार

रविवारी सकाळी मी जयवंताचा दात दत्तोबादादांच्या कौलावर फेकला.

लिहून पाहिलं की वेडेपणा वाटतो. पण झालं ते असंच. उठलो, अंघोळ केली, तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं — एकट्याने. एरवी माझी बायको जयवंता पुढे म्हणते आणि मी मागून. विहारातही तीच म्हणते, सगळी वस्ती तिच्या मागून. रविवारी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. वरचा ओठ सुजून नाकाला टेकलेला. उजव्या मुठीत एक चिंधी. शनिवार संध्याकाळपासून तिने ती मूठ सोडली नव्हती. मी हात पुढे केला तेव्हा तिने चिंधी माझ्या तळहातावर ठेवली. आत दात. वरचा, समोरचा, मुळासकट. मिश्रीने कडेला काळा पडलेला, बाकी धड.

त्याचं काय करायचं? केरात टाकवेना. मोरीत सोडवेना. लहानपणी गावी दात पडला की आई तो शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकायला लावायची. उंदीर तो नेतो आणि नवा येतो म्हणायची. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला कुठला नवा येतो! आणि मी तर दर पौर्णिमेला विहारात अशाच गोष्टींविरुद्ध बोलणारा माणूस. डोकं हे सगळं म्हणत होतं. हाताने मात्र आपलं काम केलं. आमच्या घराला स्लॅब. शेजारी पत्रे. सगळ्या वस्तीत कौलं उरली आहेत ती फक्त समोर दादांच्या घराला. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर फेकला नसता. ते घर मी माझंच समजत होतो.

दात कौलावर टक्कन वाजला. पुढचं ऐकू आलं नाही. अंगणात भामावहिनी, दादांच्या पत्नी, झाडत होत्या. झाडू थांबला. नेहमीसारखा पदर तोंडाशी धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि परत झाडायला लागल्या.

दात ज्याने पाडला तो त्यांचाच मुलगा. दिलीप.

१३ मार्च

शनिवारचं लिहून ठेवतो. पुढे जो तो आपल्या सोयीचं सांगेल.

दिलीपचा दोन वर्षांपासून केबलचा धंदा आहे. घरामागे मोठी छत्री, आणि तिथून सगळ्या वस्तीभर तारा. त्यातली एक तार आमच्या गच्चीवरच्या लोखंडी खांबाला बांधलेली. त्याच खांबाला जयवंताची कपडे वाळत घालायची तार आहे. ओले कपडे टाकले की हाताला मुंग्या यायच्या. जयवंताने कितीदा सांगितलं. दिलीप हसून म्हणायचा, "काकू, चप्पल घालून कपडे वाळत घालत जा."

शनिवारी मॅच होती, पाकिस्तानबरोबरची. वस्तीतलं एकूण एक माणूस टीव्हीपुढे. आमची मुलगी माधवी गच्चीवर कपडे काढायला गेली आणि तिला शॉक बसला. पोरगी बादलीसकट आडवी झाली. सुदैवाने फेकली गेली, चिकटली नाही. जयवंताने वर धावत जाऊन तिला सावरलं, मग खाली येऊन शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री घेतली, हाताला रबरी पिशवी गुंडाळली, वर गेली आणि तार कापली.

सगळ्या घरांतून एकदम ओरडा उठला. मग दिलीपचे पाय आमच्या जिन्यावर वाजले. मी त्याच्या मागोमाग चढलो, पण मी वर पोचेपर्यंत झालं होतं. एकच बुक्की. जयवंता खांबाला धरून खाली बसली होती आणि तो तिच्यासमोर उभा राहून म्हणत होता, "मॅच चालू आहे ना, काकू!"

दादा धावत आले. सगळ्यांसमोर पोराच्या मुस्काटात मारली. स्वतः बर्फ आणला. मी रिक्षा बघायला निघालो तर म्हणाले, "सूर्यभान, आत्ता दवाखाना नको. या वेळेला गेलास की ते आधी पोलिसाला बोलावतात, मग कापूस लावतात. हळद दाब. सकाळी मी स्वतः नेतो."

मी ऐकलं. पंचवीस वर्षं ऐकत आलो आहे. देगलूरकडच्या आमच्या गावाहून त्यांनीच मला या हिंदी-तेलुगू बोलणाऱ्या शहरात आणलं, रेल्वेत त्यांनीच चिकटवलं. नोकरी पक्की होईपर्यंत त्यांच्याच त्या कौलांखाली झोपलो.

सकाळी दादा आले नाहीत. विहार समितीचं काम निघालं म्हणे. दुपारी आम्हीच सरकारी दवाखान्यात गेलो. ओठाला टाके पडले.

१५ मार्च

आज ठाण्यात गेलो. सोबत दवाखान्याचा दाखला. त्यावर काय लिहिलंय ते माधवीने वाचून सांगितलं: ओठ फाटलेला, साधी दुखापत. दात एक नाही. आत्ता गेला की आधीपासून नाही, हे सांगता येत नाही.

सांगता येत नाही! डॉक्टराने तोंडात नीट बॅटरीसुद्धा मारली नाही. "तंबाखू लावती क्या?" एवढं विचारलं. जयवंताने मान हलवली. मिश्री लावते ती, तिची आईही लावायची. संपलं. मिश्री लावणाऱ्या बाईचा दात आपोआपच पडतो, असं त्याचं झालं.

ठाण्यातला हवालदार मुसलमान, वयस्कर, बोलायला मऊ. त्याने दाखला उलटसुलट केला आणि म्हणाला, "चाचा, होंट फटा बोले तो तीन सौ तेईस. उस में हम कुछ नईं कर सकते, कोर्ट को जाओ. दांत टूटा बोले तो तीन सौ पच्चीस. अब्बी जाके छोकरे को उठाके लातूं. दांत किधर है?"

"कवेलू पे."

"कवेलू पे कायकू?"

सांगितलं. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारली आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "सुनो, इनों सबूत चूहे को दे दिए बोलते." मग माझ्या लक्षात आलं — त्यांच्यातही पोरांचे दात असेच फेकतात. त्याला सगळं समजलं होतं. तरी त्याने कलम लिहिलं ते तीनशे तेवीसच.

जाऊन कौलं शोधा म्हटलं तर म्हणाला, निवडणुकीचा बंदोबस्त आहे, माणसं नाहीत. आणि ज्याच्यावर तक्रार त्याच्याच छतावर दात असल्याचं मी सांगतो, यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्हीच आता फेकला म्हणतील.

एवढं मात्र खरं बोलला.

१७ मार्च

जयवंता विहारात आली नाही. तिच्या जागी मला म्हणावं लागलं. दिलीप मागे उभा होता, हात जोडून.

२० मार्च

तेवीस आणि पंचवीस यांतला फरक मला स्वतः वाचायचा होता. कामावरून सुटून कोठीच्या बाजारात गेलो. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत कायद्याचं एक पुस्तक मिळालं, पाठीचं पान फाटलेलं, इंग्रजी. माधवीला बसवलं. ती कॉलेजात शिकते, पण मराठी बातमी वाचताना अडखळते. इंग्रजी मात्र भराभर वाचते. वाचायची आणि निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी-मराठीत मला सांगायची. जयवंता भाकरी करता करता ऐकत होती.

जबर दुखापत कशाला म्हणायचं, याची जंत्रीच दिलेली आहे. डोळा गेला तर जबर. कान गेला तर जबर. हात, पाय, सांधा निकामी झाला तर. चेहरा कायमचा विद्रूप झाला तर. आणि मग एकाच ओळीत: हाड किंवा दात मोडला, निखळला तर. मी माधवीला ती ओळ परत वाचायला लावली. हाड आणि दात एका पंगतीत! ज्याने कुणी हे लिहिलं त्याला समजत होतं. दिलीपला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, असं त्यात आहे. ओठ कितीही फाटू दे, टाके कितीही पडू देत — ती साधी.

शेवटचं कलम ऐकून मात्र डोकं फिरलं. वीस दिवस माणूस रोजची कामं करू शकला नाही, तर तेही जबर. माधवी म्हणाली, "बाबा, ये तो अपना केस है ना? आईला किती पेन होतंय!"

तव्यापाशी बसलेली जयवंता बोलली. त्या दिवसानंतर एवढं लांब पहिल्यांदाच बोलली असेल. "सोमवारी सकाळी भाकऱ्या कुणी केल्या गं?"

खरंच, कुणी केल्या? तिनेच. ओठाला टाके घेऊन. आणि त्याच सोमवारी धुणं, भांडी, पाणी. तिने अंथरूण धरलं असतं तर कायद्याने तिचं ऐकलं असतं. उठली म्हणून साधी! आमच्या बायकांना वीस दिवस पडून राहायला कोण देतं? मी दिलं असतं का? मला तर सोमवारी डबा भरलेला मिळाला आणि मी तो खाल्ला.

आणि त्या सगळ्या जंत्रीत आवाजाचं नाव नाही. जयवंता आता "सरणं" म्हणायला गेली की फटीतून वारा सुटतो. ती शब्दाच्या अर्ध्यावरच तोंड मिटते.

२४ मार्च

समितीची बैठक. सभासद म्हणून मला बोलावलं, जयवंताला नाही. अध्यक्ष दादाच. म्हणजे मुलाच्या प्रकरणात बाप अध्यक्ष! मी हे बोललो तर सगळे छताकडे बघायला लागले.

समितीतले हणमंतराव म्हणाले, चौदा एप्रिल तोंडावर आलीय, आपसात मिटवू. दिलीप नवा दात बसवून देईल, हवा तर सोन्याचा. आणि केबलचं कनेक्शन कायमचं फुकट.

फुकट केबल! ज्या तारेने माझी मुलगी मेली असती ती तार परत बांधून द्यायला हे लोक तयार आहेत, आणि मी आभार मानावेत. मी म्हटलं, तिचा दात दाढीच्या ब्रशसारखा विकत आणायची वस्तू आहे का? त्यावर एकजण हळूच म्हणाला, "मिश्रीने हलतच असेल, सूर्यभानभाऊ. उगं ताणू नका." आणि ते ऐकून दादांनी मान खाली घातली नाही. होकारार्थी हलवली.

मला तो माणूस अनोळखी वाटला.

२५ मार्च

डबा खाल्ला नाही. तसाच परत आणला.

२८ मार्च

कोठीत एका जिन्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत, कर्वे नावाच्या, मूळ पुण्याच्या. आमच्या रेल्वे स्टोअरमधल्या साहेबाने नाव सांगितलं. बाई मराठीत बोलल्या तेव्हा जयवंताने हातरुमाल तोंडावरून काढला. इतके दिवस तिने तो माझ्यासमोरही काढला नव्हता.

बाईंनी फोटो काढला आणि उजेडाला धरून आम्हाला दाखवला. जिथे दात होता तिथली खोबण अजून भरायची आहे, हे बघा. जुना असता तर इथे हाड भरून आलं असतं. शेजारचे दोन्ही दात पक्के आहेत. म्हणाल्या, "यांच्या हिरड्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. कोण म्हणतं हलत होता?"

लिहून देणार का विचारलं. लगेच लिहून दिलं. कोर्टात यायची वेळ आली तर येईन म्हणाल्या. मग विचारलं, "दात ठेवलाय ना? तो असला तर कुणाला शंकाच राहणार नाही. मूळ बघितलं की कळतं."

मी खाली बघितलं. जयवंताने सांगितलं, जमेल तशा शब्दांत. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्याकडे तुळशीत पुरतात."

बसमध्ये जयवंता खिडकीकडे तोंड करून बसली होती. तारनाका आला तेव्हा म्हणाली, "माझ्या मुठीत होता तोवर होता."



३० मार्च

बाईंचा कागद घेऊन ठाण्यात. हवालदार म्हणाला, प्राइवेट का कागज है चाचा, सरकारी लाओ. सरकारी दवाखाना म्हणतो, ठाण्याने लिहून पाठवलं तर तपासू. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मी मधे उभा.

७ एप्रिल

दादा घरी आले. गुन्हा घडल्यापासून पहिल्यांदा. मागे भामावहिनी, उंबऱ्याच्या आत जेमतेम. वहिनींना मी कधी पदर खाली सोडून बोलताना पाहिलं नाही. त्या पिढीच्या बायका लाजऱ्या, असं मी धरून चाललो होतो. आज त्या जयवंताकडे बघत राहिल्या.

दादा बराच वेळ जुनं बोलले. गावच्या विहिरीचं, आम्हाला पाणी वरून ओतायचे त्याचं. धर्म घेतला त्या दिवसाचं. त्यांनी मला सायकलवर बसवून मेळाव्याला नेलं होतं. सगळं खरं. माझे डोळे भरून आले. मग म्हणाले:

"पोर चुकलं. पण आपलं माणूस आपण पोलिसाच्या हातात द्यायचं? बाहेरचे काय म्हणतील? विहारात इतकी वर्षं मैत्री-करुणा सांगतोस, सूर्यभान. आता वापर की जरा."

हे थेट काळजात गेलं. मला वाटलं, हा माणूस बरोबर बोलतोय. मी रागाने जळतोय, शील सांभाळत नाही. दिलीप माझ्या अंगाखांद्यावर खेळलेला. त्याला सात वर्षं आत पाठवून माझ्या मेणबत्तीचा उजेड वाढणार आहे का?

मी म्हणालो, "बघतो, दादा."

ते गेले. जाताना दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. जयवंता चुलीपाशी होती. वळून बघितलंही नाही तिने.

"तोंड माझं," ती म्हणाली, "आणि बघणार तुम्ही."

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक. ट्रकवर रोषणाई दिलीपची, माईक दिलीपचा. त्याच तारा. "समतेचा विजय असो" म्हणून ओरडत होता आणि पोरं त्याच्या मागून ओरडत होती. आमच्या घरासमोर आल्यावर आवाज मोठा केला. मुद्दाम की सवयीने, कोण जाणे.

जयवंता गच्चीवर उभी होती, पांढरी साडी नेसून, तोंडावर रुमाल. खाली उतरली नाही. दर वर्षी तीच पुढे असते. ज्या महामानवाने कायदा लिहायला घेतला तो आम्हा सगळ्यांसाठी, म्हणून आम्ही नाचतो. आणि आमच्या घरातल्या बाईने कायद्याचं नाव काढलं की आम्हालाच ते बाहेरचं वाटतं! मी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढंच केलं. एवढंसंच.

२० एप्रिल

कामावरून येतो तर समोर धूळच धूळ. दादांच्या घराची कौलं उतरवताहेत! वर स्लॅब टाकणार, मग त्यावर आणखी एक मजला. दिलीपचं ऑफिस तिथे होणार म्हणे. पोरं कौलं एकावर एक रचत होती. फुटकी टेम्पोत फेकत होती.

मी चपला न काढताच अंगणात शिरलो. कुठल्या बाजूला पडला असेल त्याचा अंदाज घेऊन रचलेली कौलं उचलून बघायला लागलो. हात काळे झाले. कबुतरांची पिसं, एक चेंडू, काडेपेटी. दिलीप दारात येऊन उभा राहिला. पहिल्यांदा त्याला कळेना मी काय शोधतोय. मग कळलं.

"काका, सांगितलं असतं तर मीच चढलो असतो की," तो म्हणाला. हसत नव्हता. कदाचित खरंच चढलाही असता. तेच सहन झालं नाही मला. या पोराला आपण काही वाईट केलंय असं वाटतच नाही! तार कापली, बुक्की मारली, दात पडला, नवा बसवून देतो. त्याच्या हिशेबी सगळं जागच्या जागी.

दादा आतून बोलले, "सूर्यभान, लोक बघताहेत." बघू देत. टेम्पो निघून जाईपर्यंत शोधत होतो.

नाही मिळाला.

भामावहिनींनी हात धुवायला पाणी दिलं. पाणी ओतून होण्याआधीच त्या आत वळल्या. मला वाटलं, रागाने.

२३ एप्रिल

रजा काढून कोर्टाच्या आवारात एका वकिलांना भेटलो. तेलुगू माणूस, हिंदी स्वच्छ. पोलीस ऐकत नसतील तर थेट मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार करता येते. डॉक्टरीणबाईंचा कागद आणि फोटो जोडू, पंचवीस मागू. मिळेलच असं नाही. समोरचा मिश्री, मिश्री करणार. दात असता तर गोष्ट वेगळी.

मग मी माझा खरा प्रश्न विचारला. पुढे समझोता करायचा झाला तर? मी सही केली तर मिटेल का?

वकील म्हणाले, "आपको मार लगी है क्या?"

मी म्हणालो, नाही, पत्नीला.

"तो आप कौन होते हैं माफ करनेवाले? जिसको चोट लगी, वही कर सकता. वो भी कोर्ट की इजाज़त से."

भर उन्हात आवारातल्या लिंबाखाली किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. गेला दीड महिना दादा मला विचारताहेत. समिती मला विचारतेय. हणमंतराव मला दात देऊ करताहेत. आणि मी, मोठा शीलवान, रात्रंदिवस विचार करतोय की मी क्षमा करू की नको. दुसऱ्याच्या ताटातलं दान करून पुण्य मिळवायला निघालो होतो! इंग्रजांच्या काळातल्या कायद्याला जे समजतं ते मला पन्नाशीला टेकेपर्यंत समजू नये. संताप दादांचा कमी आणि माझाच जास्त आला.

२८ एप्रिल

जयवंताला सगळं सांगितलं. वकील म्हणाले ते, शब्द न बदलता. आणि विचारलं, तुझं काय म्हणणं? आयुष्यात तिला असं विचारल्याचं मला आठवत नाही. तिलाही आठवलं नसावं. ती आधी माझ्याकडे संशयानेच बघत राहिली.

मग तोंडावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि सावकाश, एकेक शब्द जुळवून बोलली. वारा सुटला तरी थांबली नाही.

"दिलीपला मी न्हाऊ घातलंय. त्याला जेलात घालून मला काय मिळणार? पण माझा दात पाडला, तो पडला नाही, हे आधी लिहू द्या. सरकारच्या कागदावर. दादांसमोर वाचू द्या. मग माफीचं मी बघीन. माझी मी."

माधवी रडायला लागली. मी उठून मेणबत्ती लावली. खूप दिवसांनी जयवंताने पुढे म्हटलं, आणि मी मागून.

दादांकडे जाऊन सांगून आलो — समितीचा राजीनामा, आणि मंगळवारी कोर्ट. त्यांनी चष्मा पुसला. "माझ्या छपराखाली झोपलास तू," एवढंच म्हणाले. मी म्हणालो, हो दादा, ते विसरणार नाही. आतल्या दारात भामावहिनी उभ्या होत्या, पदर तोंडाशी.

३० एप्रिल, मंगळवार

तक्रार दाखल केली. सही जयवंताने केली. मी केली नाही, माझी लागतही नव्हती.

कोर्टाच्या फाटकाशी भामावहिनी उभ्या दिसल्या. कधी नव्हे त्या एकट्या बसने आलेल्या. पदराची गाठ सोडली. आत दात. कडेला काळा, बाकी धड.

"पन्हळीतून खाली आला, भाऊजी. त्याच सकाळी. माझ्या झाडूपुढंच."

इतके दिवस का ठेवला, हे विचारायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी पदर खाली सोडला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं सगळं तोंड पाहिलं. समोरचे दोन नाहीत.

"हे यांनी पाडले," त्या जयवंताला म्हणाल्या. "ते मी माझ्या हातानं केरात टाकले."

आमच्यासोबत बाहेर आलेल्या वकिलांनी दात पाकिटात घातला. साक्षीदारांत त्यांचं नाव लिहायला घेतलं आणि विचारलं, आरोपीशी नातं काय?

"आई," म्हणाल्या.